हद्दीबाहेरचा निरोप

आमचे अप्पा कंजूष होते. मी त्यांची थोरली लेक असून हे सांगते, म्हणजे खरं धरायला हरकत नाही. उमापुरातले लोक त्यांना काटकसरी म्हणायचे, कारण गावात कापडाचं दुकान आमचं आणि लग्नसराईत प्रत्येकाला अप्पांची पायरी चढावी लागायची. मला कसली भीड? चहाची पत्ती एकदा उकळली की तिच्यात पुन्हा पाणी घालून दुसऱ्या पाहुण्याला पाजणारा माणूस कंजूषच म्हणायचा. मात्र पाहुणा जेवल्याशिवाय त्यांनी कधी जाऊ दिला नाही, हेही सांगायला हवं.

त्यांचं नाव शिवलिंगप्पा. त्यांचा जन्म निजामाच्या राज्यातला. आमच्या गावापासून शेवगावच्या बाजूला निघालं की थोड्याच अंतरावर निजामाची हद्द संपायची आणि पलीकडे इंग्रजांचं राज्य लागायचं. मध्ये करोडगिरीचा नाका. जो माल हद्द ओलांडेल त्याच्यावर तिथं पैसे बसायचे. आमचे आजोबा पलीकडून कापड आणायचे, तेव्हा पोरगेल्या अप्पांना ते बरोबर न्यायचे आणि येताना त्यांच्या अंगावर एकावर एक तीन सदरे चढवायचे. भर उन्हाळ्यात अप्पा नाक्यावरून घामाघूम होऊन चालत यायचे आणि शिपायानं विचारलं तर आजोबा सांगायचे, पोराला हिवताप हाय. ही गोष्ट अप्पा प्रत्येक दिवाळीत सांगायचे आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे स्वतःच हसायचे.

अशा घरात माझ्या धाकट्या भावानं, विश्वेश्वरनं, मोबाईल आणला. आम्ही त्याला विश्वा म्हणतो. दुकानाच्या साड्या आणायला तो सुरतला जायचा, आणि हिंडणाऱ्या माणसाजवळ फोन असलेला बरा, असं त्याचं म्हणणं. तेव्हा नुकतंच आपल्या राज्यात येणाऱ्या फोनचे पैसे घ्यायचं बंद झालं होतं. अप्पांनी आधी काही दिवस त्या यंत्राला हातच लावला नाही. मग एकदा दुकानात बसल्या बसल्या विचारलं, "ह्याचं मीटर कवा पडतं?"

विश्वानं समजावलं, की राज्यात असेपर्यंत आलेला फोन फुकट. राज्याबाहेर गेलं, की आपण केलेल्या फोनलाही जास्तीचे पैसे आणि आलेल्या फोनलाही पैसे. त्याला रोमिंग म्हणतात.

"म्हंजी फोन दुसऱ्यानं करायचा अन् पैसे आपुन द्यायचे? ह्यो कुठला न्याय बे?"

"तसंच हाय अप्पा. हद्द वलांडली की लागतंय."

हद्द हा शब्द कानावर पडला आणि अप्पांचा चेहराच उजळला. "मंग असं सांग की," ते म्हणाले, "करोडगिरी हाय ही."

त्या दिवसापासून आमच्या घरात रोमिंगला कुणी रोमिंग म्हटलं नाही. विश्वा सुरतला गेला, की तो हद्दीबाहेर गेला. आणि करोडगिरी कशी चुकवायची हे अप्पांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी एका बैठकीत सगळे कायदे करून टाकले. घरून एक रिंग देऊन बंद केलं, म्हणजे सगळं ठीक. दोनदा दिली, म्हणजे संध्याकाळी दर उतरल्यावर एसटीडी बूथवरून घरी फोन कर. आणि सगळ्यात मोठा कायदा असा, की हद्दीबाहेर असताना फोन उचलायचा नाही. कितीही वाजला तरी नाही.

"अन् लईच वाजाय लागला तर?" विश्वानं विचारलं होतं.

"वाजू दे. कट कर. वाजणाराचा जीव जात न्हाई."

काही सांगायचंच झालं तर समोरच्या खताच्या दुकानातला हरिओम स्वतःच्या मोबाईलवरून मेसेज पाठवायचा, कारण आलेल्या मेसेजला हद्दीबाहेरही काही पडत नव्हतं. हरिओमची बोटं जाडी. एका बटणावर त्याची दोन बटणं दाबली जायची, म्हणून त्याचे मेसेज दोन-तीन शब्दांच्या पुढं जात नसत. आणि विश्वा परत फिरला, नवापूर ओलांडून आपल्या राज्यात आला, की त्यानं घरच्या फोनवर एक रिंग द्यायची. ती वाजली की आई चुलीपुढून म्हणायची, "आला गं पोरगा हद्दीत," आणि डाळ भिजत घालायची.

मी बीडहून माहेरी आले की या सगळ्याची थट्टा करायची. म्हणायची, तुमचं घर म्हणजे तारघर झालंय, कट्ट-कड-कट्ट. अप्पा त्यावर चिडत नसत. उलट म्हणायचे, "हास तू. बीडच्या लोकांना पैसे वर आलेत."

आता कपिलधारचं सांगते. अप्पा दर कार्तिकात मन्मथस्वामींच्या यात्रेला कपिलधारला पायी जायचे. गावातली चार-पाच माणसं मिळून निघायची. पहिला मुक्काम गेवराईला, दुसरा बीडला माझ्या घरी. बिनखर्चाचा मुक्काम म्हणून नव्हे, असं अप्पा मला दर वर्षी आवर्जून सांगायचे आणि मी दर वर्षी हो म्हणायची. आदल्या वर्षी ते निघाले तेव्हा विश्वा लग्नसराईच्या खरेदीसाठी सुरतला होता. हरिओमनं त्याला मेसेज केला, "अप्पा गेले." तिकडून विश्वाचा आला, "बरं. सांभाळून जा म्हणावं." परतल्यावर पुन्हा हरिओमचा, "अप्पा आले." झालं. एवढ्यात सगळ्यांचं काम भागलं.

पण ज्या वर्षाचं मी सांगतेय, त्या वर्षी अप्पांना दम लागायचा. गेवराईच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, की जिना चढायचा नाही आणि चालायचं तर घरातल्या घरात. मी भाऊबीजेला गेले होते तेव्हा याच्यावरून बापलेकांचं चांगलंच वाजलं.

"ह्या साली पायी जायाचं न्हाई," विश्वा म्हणाला. "म्या सुरतहून आलो की जीप करतो. दर्शन करून त्याच दिवशी माघारी."

"देवाकडं काय वऱ्हाड न्यायचंय, जीप करायला?"

"पैशाचं मी बघतो."

"पैशाचं कोण म्हणतंय? पाय हायेत ना मला?"

खोटं कशाला बोलू, अर्धं कारण पैशाचंच असणार. पण अर्धं नव्हतं. पाय चालेनासे झाले की माणूस दुकानातल्या गादीवरचा गठ्ठा होतो, असं ते मला एकदा म्हणाले होते, आणि त्यांच्या आवाजात भीती होती. विश्वाला ती कळत नव्हती असं नाही. त्याला दुसरी भीती होती, एवढंच. सुरतला निघताना तो उंबऱ्यात थांबून म्हणाला, "अप्पा, म्या येईस्तोवर थांबा. एवढं ऐका माझं."

अप्पा म्हणाले, "बघू."

अप्पांचं बघू म्हणजे काय, हे आमच्या घरात दुकानातल्या गिऱ्हाइकापासून सगळ्यांना माहीत होतं. विश्वाही मान हलवत गेला.

ज्या दिवशी ते निघणार होते, त्या सकाळी मी बीडला त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटत होते. दुसऱ्या दिवशी ते मुक्कामाला येतील म्हणून धपाट्यांचं पीठही दळून आणलं होतं. फोन वाजला. माझी भावजय शिवकन्या होती. ती फक्त "अक्का" म्हणाली आणि पुढं तिला बोलता येईना. मला काय ते कळलं. खलबत्ता तसाच ठेवून मी निघाले.

अप्पांनी पिशवी भरली होती. जादा धोतर, भस्माची डबी, भाकरी बांधलेलं फडकं. काठी हातात घेतली, दुकानाच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायला ते वाकले, आणि तिथंच बसले. आईला वाटलं चपलेचा पट्टा लावतायत. बरोबरची माणसं रस्त्यावर उभी होती, त्यांनाही तसंच वाटलं. बराच वेळ झाला तेव्हा आई म्हणाली, "उठा आता, माणसं थांबलीत."

मी पोचले तेव्हा दुपार होत आली होती. आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, माणसाला आडवं नेत नाहीत. त्याला आंघोळ घालून मांडी घालून बसवतात. अप्पांना ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर भस्म, डाव्या तळहातात त्यांचं इष्टलिंग, गळ्यात बेलाची माळ. दुकानात गादीवर बसायचे तसेच बसले होते. मी पायरीवरून पाहिलं तेव्हा क्षणभर मला वाटलं, आता म्हणतील, आलीस का गं, जीपचे पैसे किती घेतले त्यानं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. पाय धुतलेले होते, पण टाचांच्या भेगांमध्ये माती तशीच होती.

विश्वाला कळवलं का, हे मी त्यानंतर विचारलं. हरिओम दुकानातल्या फोनजवळ उभा होता. म्हणाला, "सकाळपासून लावतोय अक्का. वाजतोय अन् कट होतोय."

मी स्वतः लावला. वाजला, वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला. आता लवकर कट झाला. तो कट मला ओळखीचा होता. त्याच्यात रागबीग काही नव्हतं. बाजारातल्या एखाद्या गल्लीत तो साड्यांच्या ढिगापुढं बसला असणार, खिशात फोन थरथरला की हसून बटण दाबत असणार, आणि दुकानदाराला सांगत असणार की घरून आहे, आईला अजून एखादी साडी आठवली असेल. शहाण्या पोरासारखा बापाचा कायदा पाळत होता. मला इतका संताप आला. विश्वाचा, त्या यंत्राचा, आणि भिंतीला टेकून बसलेल्या अप्पांचा सगळ्यात जास्त. तुम्हीच शिकवलंत ना, मी मनात म्हणाले, आता बसा वाट बघत.

केदारनाथ स्वामी आले होते. आमच्या घरचं सगळं कार्य तेच करायचे. शेतात आजोबांच्या समाधीशेजारी खड्डा खणायला माणसं गेली होती. स्वामी मला हलक्या आवाजात म्हणाले, "दिवस मावळायच्या आत नेलेलं चांगलं. पण पोराची वाट बघायची म्हणाल तर सकाळपर्यंत थांबू. तो आत्ता निघाला तर पहाटंपर्यंत येतोय. त्याला कळलं मात्र पायजे."

आमच्यात अग्नी द्यायचा नसतो. पण आमच्या घरात एक रीत आहे, समाधीत बसवल्यावर पहिलं बेलपान थोरल्या मुलाच्या हातचं. आणि विश्वा एकुलता एक. एवढं तोंड त्याला दिसावं, एवढं पान त्याच्या हातून पडावं, याच्यापलीकडे त्या दुपारी मला काही नको होतं. मी हरिओमला म्हटलं, फोन राहू दे, मेसेज कर.

हरिओम मोबाईल घेऊन अंगणात बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. लहानपणापासून अप्पांच्या दुकानात वाढलेला तो. "आपल्यात ते काय म्हणतेत अक्का," त्यानं विचारलं, "लिंगैक्य झाले म्हणतेत ना? मला इंग्रजी अक्षरात ते लिवायला येणार न्हाई."

"साधं लिही," स्वामी म्हणाले. "सगळे म्हणतात तसं."

हरिओमनं एकेक बटण दाबत लिहिलं, आणि पाठवायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवलं. "अप्पा गेले."

अंगणातल्या बायांनी पदर तोंडाला लावला. कुणीतरी हुंदका दिला. त्या अंगणात, त्या दिवशी, त्या दोन शब्दांना दुसरा अर्थच नव्हता. हरिओमनं बटण दाबलं.

आता तो बूथवर धावेल, आता फोन येईल, म्हणून मी फोनशेजारी जाऊन बसले. फोन आला नाही. थोड्या वेळानं हरिओमच्या हातातला मोबाईल वाजला, मेसेज आल्याचा आवाज. हरिओमनं पाहिलं.

"काय म्हणतो? निघाला का?"

त्यानं नुसता मोबाईल माझ्यापुढं धरला. मी वाचलं.

"बरं. सांभाळून जा म्हणावं."

मागून एका म्हाताऱ्या चुलतीनं मान लांब करून विचारलं, काय लिवलंय पोरानं. कुणीतरी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं बाई, असं कुणी बापाला म्हणतं का?" आणि ओसरीवर कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात शिवकन्या, त्याची बायको, भिंतीला धरून खाली बसली. "गेल्या सालीबी हेच लिवलं होतं त्यायनी," ती म्हणाली. "त्यायला वाटलंय अप्पा कपिलधारला गेले."

लोक म्हणतात ध चा मा झाला. इथं कुणी काही बदललं नव्हतं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. हरिओमनं खरं लिहिलं होतं आणि विश्वानं खरं वाचलं होतं. त्याला माहीतच होतं, की अप्पा ऐकणार नाहीत. सकाळपासून घरून येणाऱ्या फोनचा उलगडाही त्याला त्या दोन शब्दांत झाला असणार, की आई तक्रार सांगायला फोन करत होती. आणि मग त्यानं भांडण सोडून दिलं होतं. जीप नाही, डॉक्टर नाही. जायचंच आहे तर सांभाळून जा. माझ्या भावानं त्या बाजारात बसून हार मानली होती, आणि किती गोडीनं मानली होती.

मी मोबाईल हरिओमच्या हातात कोंबला. "पुन्हा लिही. स्पष्ट लिही. अप्पा वारले, ताबडतोब निघ, असं लिही."

"थांब," आई म्हणाली.

आई सकाळपासून अप्पांच्या पायाशी बसून होती. तिनं पाणीही घेतलं नव्हतं आणि रडलीही नव्हती. ती उठली. "काय म्हणला विश्वा?"

"आई, त्याला कळलेलंच न्हाई. त्याला वाटतंय..."

"काय म्हणला ते सांग."

मी सांगितलं. आईनं मान हलवली, जणू दुकानातून कुणी साधासा निरोप आणला होता. मग ती अप्पांच्या शेजारी बसली, त्यांच्या खांद्यावरचं उपरणं नीट केलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "ऐकलं का? विश्वा म्हणतोय, सांभाळून जा."

ओसरीवरची कुजबुज थांबली. मला ते सोसेना. मी अंगणात उतरले आणि हरिओमला पुन्हा म्हटलं, लिही. आई माझ्यामागं आली.

"काही लिवायचं न्हाई, रुद्राणी."

"कावून न्हाई? तो आत्ता निघाला तर पहाटं येतोय. स्वामी थांबतो म्हणलेत. तोंड तरी बघू दे त्याला बापाचं."

"रातभर एकटा यील. एष्टी बदलत, पळत. तुझ्या मामाला असाच मधी कुठं तरी सांगावा मिळालता, माझी आई गेली तवा. चालती गाडी धराय गेला अन् पाय घालवून बसला. इसरलीस?"

"समद्यांचंच तसं होतं का?"

"न्हाई होत. पण एकुलता एक हाय." तिनं ओसरीवर अप्पांकडं पाहिलं. "अन् ह्यायचंबी आयक. दिवाळीपासून दोघं नीट बोलले न्हाईत. ह्यायला लई लागलं होतं ते. सकाळी पिशवी भरताना मला म्हणले, पोराला इचारून निगालो असतो तर बरं वाटलं असतं. आता त्यानं निरोप दिलाय. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू न्हाई. सांजच्याला नेऊ."

"त्याचा बाप हाय, आई. तो तुला माफ करणार न्हाई."

"न करू दे," आई म्हणाली. "माझाबी नवरा हाय."

मी तिच्याशी त्या दिवशी पुन्हा बोलले नाही. आजही मला ठरवता येत नाही, की ती बरोबर होती की नाही. कधी वाटतं तिनं भावाचा हक्क हिरावला. कधी वाटतं, आमच्यापैकी कुणालाही जमलं नसतं ते तिनं केलं, बापलेकांचं भांडण मिटवून एकाला वाटेला लावलं आणि दुसऱ्याला एक दिवस सुखाचा दिला. निरोप या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मला शाळेत शिकवलं होतं. त्या दिवशी ते आईला एकदम कळले आणि मला फक्त एकच कळला.

संध्याकाळी अप्पांना विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या पालखीत, बसवून नेलं. कपिलधारला निघालेली ती चार-पाच माणसं दिवसभर थांबली होती, त्यांनीच खांदा दिला. समाधीत बसवल्यावर स्वामींनी बेलाचं पान पुढं केलं आणि कुणाकडं द्यावं म्हणून पाहिलं. आई म्हणाली, रुद्राणीकडं द्या. मी पान टाकलं. ते अप्पांच्या मांडीवर पडलं. हातातून सुटताना मी विश्वाचं नाव घेतलं, पण त्यानं काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. ऊन अंगणात आलं होतं. दुकानातला फोन वाजला. एकदा वाजला आणि बंद झाला.

कुणी उठलं नाही. आई भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ हलले, पण "आला गं पोरगा हद्दीत" हे तिला म्हणता आलं नाही. विश्वा नवापूरला पोचला होता. एक रिंग, म्हणजे सगळं ठीक. आता त्याला फोन केला असता तर त्यानं पहिल्या रिंगला उचलला असता. आता कसली करोडगिरी नव्हती, हवं तेवढं बोलता आलं असतं, आणि आख्ख्या घरात कुणाला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. हरिओम दोनदा येऊन त्या फोनकडं बघून गेला. शिवकन्येनं उठून डाळ भिजत घातली. आमच्यात सुतक पाळत नाहीत, चूल बंद नव्हती. तरी ती डाळ भिजताना बघून मी रडले.

तो दिवस सरता सरेना. ती गाडी आता धुळ्याला आली असेल, आता औरंगाबादला, असं मी मनात म्हणत होते. तो खिडकीशी बसून काय विचार करत असेल? साड्यांचा, गिऱ्हाइकांचा, अप्पा आज कुठवर चालले असतील याचा.

दिवेलागणीला तो आला. खांद्यावर पिशवी, हातात पुठ्ठ्याचं खोकं. साड्यांचे गठ्ठे मागून ट्रान्सपोर्टनं येणार होते. दाराशी चपला पाहून तो जरा थबकला, पण दुकानाच्या घरात चपला असतातच. अंगणात आला आणि पहिली मीच दिसले.

"अक्का?" तो हसला. "तू हितं कशी? आज अप्पांचा मुक्काम तुझ्याकडं हाय ना? त्यायला कोण वाढणार तिकडं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग ओसरीवरच्या बायांकडं. मग भिंतीकडं, जिथं अप्पांची काठी टेकवून ठेवली होती आणि तिच्याशेजारी ती भरलेली पिशवी. पायी निघालेल्या माणसाची काठी घरी कशी, हे तो बघत राहिला.

"आई?" तो म्हणाला.

आई उठून त्याच्याजवळ आली. त्याच्या हातातलं खोकं तिनं काढून घेतलं. त्याच्यात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, अप्पांच्या मापाचे. पुढच्या साली चालायला.

"तुझा निरोप सांगितला त्यायला," ती म्हणाली. "सांभाळून गेले."

विश्वानं खिशातून मोबाईल काढला. हरिओमचा मेसेज उघडला आणि वाचला. दोनच शब्द होते. तो ते पुन्हा पुन्हा वाचत होता, कुणीतरी शाळेत उभं केल्यासारखा. मग म्हणाला, "काल सकाळपासून तुमी ह्याच्यासाठीच फोन करत होता?"

"हां."

"म्या कट केला, आई. दर खेपंला कट केला."

आईनं त्याचं डोकं खांद्यावर घेतलं आणि तेव्हा, काल सकाळपासून पहिल्यांदा, ती रडली.

"त्यायचंच तर ऐकलंस, बाळा," ती म्हणाली.